उंदीर पडू लागतात तेव्हा : रानातील पिसवा आणि प्लेगवरील पाळत

सन १९९४ च्या ऑगस्ट महिन्याच्या आरंभी बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावातून एक तक्रार पुढे आली. तक्रार कोणत्याही रोगाची नव्हती. घरांत पिसवा फार झाल्या आहेत आणि उंदीर मरून पडत आहेत, एवढेच लोकांचे म्हणणे होते. ऑगस्टच्या अखेरीस त्याच गावात तापाचे रुग्ण दिसू लागले. त्यांच्यापैकी अनेकांच्या जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आलेली होती. भारतात माणसाला प्लेग झाल्याची त्यापूर्वीची खात्रीशीर नोंद १९६६ सालची, कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातील होती. अठ्ठावीस वर्षे हा रोग कोणी पाहिला नव्हता. तरुण डॉक्टरांना तो केवळ पुस्तकातून ठाऊक होता आणि गावातील वृद्धांना आठवणीतून.

पुढे सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुप्फुसाचा प्लेग उद्भवला, लाखो लोक शहर सोडून गेले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे लागले. त्या वर्षी देशात रक्ततपासणीवरून प्लेगचे म्हणून धरले गेलेले रुग्ण ८७६ होते आणि मृत्यू ५४ झाले. हा रोग प्लेगच होता की दुसरा काही, याविषयी त्या वेळी तज्ज्ञांतही वाद झाला. पुढील काही वर्षांत सुरत व बीड येथून मिळालेल्या जंतूंची प्रयोगशाळांत सूक्ष्म तपासणी झाली आणि ते प्लेगचेच जंतू असल्याचे दिसून आले.

सुरतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रामीण कार्यकर्त्यांच्या व शेतकऱ्यांच्या दृष्टीने मात्र मामल्याची हकीकत अधिक मोलाची आहे. पिसवांची तक्रार आणि माणसांचा ताप यांच्यामध्ये तेथे सुमारे तीन आठवड्यांचा अवकाश होता. प्लेगवर पाळत ठेवावयाची म्हणजे हा अवकाश वाया जाऊ द्यावयाचा नाही, एवढाच त्या कामाचा अर्थ आहे.

जुन्या पिढीचा अनुभव

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. सन १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. तेथून तो पुण्यास व दख्खनच्या खेड्यापाड्यांत पसरला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना या रोगाने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. घरझडतीच्या जुलमामुळे चिडलेल्या पुण्यात त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पुढील दोन-तीन दशकांत या रोगाने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्साँ यांनी शोधून काढला होता. पण तो उंदरातून माणसात कसा येतो हे कोणास सांगता येत नव्हते. कोणी दूषित हवेला दोष देत, कोणी अन्नधान्याला, कोणी अनवाणी पायांच्या जखमांना. दख्खनच्या शेतकऱ्याजवळ याविषयी उपपत्ती नव्हती, पण नियम होता. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावयाचे आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहावयाचे. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकताच बिऱ्हाडे हलत. हा नियम शास्त्राच्या कसोटीस पुढे पूर्णपणे उतरला. कारण घर सोडणे म्हणजे घरातील उंदीर व त्यांच्या पिसवा सोडणे होय. जेथे लोकांनी धान्याची पोती आणि अंथरुणे जशीच्या तशी बरोबर नेली तेथे मात्र पिसवाही त्यांच्याबरोबर झोपडीत जाऊ शकत, आणि मग गाव सोडल्याचा लाभ अपुरा राही.

पिसूचा अपराध सिद्ध केला तो फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी, कराचीमध्ये, १८९८ च्या जून महिन्यात. एका मोठ्या काचेच्या बरणीत त्यांनी प्लेगने आजारी असलेला व अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत, परंतु जाळीच्या पिंजऱ्यात, एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून पिसू मात्र जाऊ शकत होती. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. सिमाँ यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती : नुकताच मेलेला उंदीर हाताळणे अतिशय धोक्याचे असते, परंतु मरून बराच वेळ झालेला उंदीर हाताळणाऱ्यास सहसा काही होत नाही. उंदराचे अंग थंड पडू लागले की पिसवा ते सोडून जातात, हे त्याचे कारण. तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे कित्येक वर्षे मानले नाही. मुंबईत लिस्टन यांनी आणि त्यांच्यानंतर प्लेग कमिशनने १९०५ च्या सुमारास गिनीपिगांवर प्रयोग केले, तेव्हा कोठे शंका फिटली. प्लेगच्या घरात जमिनीवर सोडलेल्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होत व ते मरत. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी वाचत.

पिसूच्या पोटातील बोळा

उंदरावरील पिसू दोन-तीन मिलिमीटर लांबीची, तपकिरी रंगाची, दोन्ही बाजूंनी चपटी असते. तिला पंख नसतात. नर व मादी दोघेही रक्तावर जगतात. मादी अंडी घालते ती प्राण्याच्या केसांना चिकटून राहत नाहीत. ती घरंगळून बिळात, जमिनीच्या भेगांत, पोत्यांखालील धुळीत पडतात. अंड्यातून बारीक पांढरट अळी निघते व ती पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर आणि केरकचऱ्यावर वाढते. नंतर ती स्वतःभोवती कोश विणते, आणि धुळीचे कण चिकटल्यामुळे हा कोश डोळ्यांना दिसतही नाही. हवा दमट व फार उष्ण नसेल तर अंड्यापासून पूर्ण पिसू होण्यास सुमारे तीन-चार आठवडे पुरतात. परंतु कोशातील पिसू वाट पाहू शकते. जवळ ऊब किंवा हालचाल जाणवेपर्यंत ती कित्येक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने, कोशातच राहते. बरेच दिवस बंद असलेले घर उघडून आत पाऊल टाकताच पायांवर पिसवांचा हल्ला होतो तो यामुळेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक घरांची पडझड झाली, लोक बाहेर राहू लागले आणि धान्य व सामान मात्र आतच राहिले. अशा घरांत उंदरांना निवारा, अन्न व निर्धास्तपणा अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या. दुसऱ्या वर्षीच्या साथीस या परिस्थितीने हातभार लावला, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे.

प्लेगने आजारी असलेल्या उंदराचे रक्त पिसूने शोषले की जंतू तिच्या पोटात जातात. अन्ननलिका व जठर यांच्यामध्ये पिसूच्या शरीरात एक लहानसा काटेरी भाग असतो. तेथे हे जंतू वाढून त्यांचा चिकट गोळा बनतो आणि वाट बुजते. १९१४ साली बॅकट व मार्टिन या दोन संशोधकांनी ही गोष्ट दाखवून दिली. मोरीत बोळा बसावा तशी पिसूची स्थिती होते. तिने शोषलेले रक्त जठरात जात नाही, तिची भूक भागत नाही आणि ती वेड्यासारखी पुनःपुन्हा चावत सुटते. प्रत्येक चाव्यात शोषलेले रक्त बोळ्यावर आपटून मागे येते आणि त्याबरोबर जंतू जखमेत उतरतात. अशी पिसू स्वतःही थोड्याच दिवसांत उपाशी मरते. पण तेवढ्या अवधीत तिने बरेच काही केलेले असते.

फार उष्ण व कोरड्या हवेत हा बोळा टिकत नाही आणि पिसवाही लवकर मरतात. म्हणून दख्खनमध्ये कडक उन्हाळ्यात प्लेग ओसरत असे व पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत त्याचा जोर असे. पिके तयार होऊन घरात धान्य येण्याचा काळही नेमका हाच असतो.

माळावरील कोठार

साथ संपते तेव्हा जंतू जातो कोठे? घरातील काळा उंदीर त्याला सांभाळून ठेवू शकत नाही. तो या रोगाने झपाट्याने मरतो. या प्रश्नाचे उत्तर शेताच्या बांधावर मिळाले. इराणमधील पाश्चर संस्थेत काम केलेल्या बाल्तझार व बहमन्यार या संशोधकांनी उत्तर प्रदेशात केलेल्या पाहणीचा वृत्तान्त १९६० साली प्रसिद्ध झाला. रानातील एका विशिष्ट जातीच्या उंदरात हा रोग माणसाच्या नकळत चालू राहतो, असे त्यांना आढळले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तो चांगल्या परिचयाचा आहे. पाठीवर पिवळसर तपकिरी, पोटाखाली पांढरा, डोळे मोठे, शेपूट लांब व तिच्या टोकाशी काळ्या केसांचा झुबका, आणि हुसकावले असता हरणासारख्या झेपा टाकीत पळणारा असा हा रानउंदीर आहे. कोरड्या माळाला, बांधाच्या कडेला, कुंपणाच्या आडोशास तो बिळे करतो. त्याच्या जातीतील सर्वच उंदीर प्लेगने मरत नाहीत. काही मरतात, काही तग धरतात, आणि पिसवा एका बिळातून दुसऱ्या बिळात जंतू नेत राहतात. माणसाच्या दृष्टीने हे शांततेचे वर्ष असते. बिळात मात्र रोग चालू असतो.

रानातून गावात येण्याची त्याची वाट बहुधा मधल्या प्राण्यांवरून जाते. शेतात खोल बिळे करून कणसे साठवणारी घूस रानउंदराच्या शेजारी राहते आणि घरांच्या जोत्याखालीही राहते. कापणी झाली, शेत मोकळे झाले म्हणजे रानातील प्राणी बांधावरून कडब्याच्या गंजीकडे व तेथून गोठ्याकडे सरकतात. गंजी भिंतीला लागून रचलेली असेल तर पुढचा प्रवास फारच थोडा उरतो. तेथे घूस, रानउंदीर आणि घरातील उंदीर एकाच वाटेने वावरतात आणि पिसवांची अदलाबदल होते. कणगीखालच्या उंदरावर ती पिसू पोहोचली की मग उंदीर पडू लागतात, आणि मेलेल्या उंदरांच्या उपाशी पिसवांना माणूसच जवळचा वाटतो. अनेक भागांत सुगीनंतर घुशीची बिळे उकरून कणसे काढण्याची चाल आहे. गरिबाच्या घरी त्यामुळे चार दाणे येतात, हे खरे. पण उघड्या हातापायांनी बीळ उकरणारा माणूस या साखळीतील सर्व पायऱ्या ओलांडून थेट पिसवांच्या घरातच शिरतो. परिसरात उंदीर पडत असतील त्या हंगामात तरी हे काम बंद राहिले पाहिजे.

देशात प्लेगची अशी जुनी ठाणी मुख्यतः तीन-चार मानली जातात. कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू यांच्या सीमा मिळतात तो भाग, महाराष्ट्रातील बीड व त्याच्या आसपासचा प्रदेश, आणि हिमाचल प्रदेश व उत्तराखंडातील डोंगराळ मुलूख ही त्यांतील प्रमुख होत. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे एक पथक बंगळूर येथे असून दक्षिणेकडील ठाण्यांतील उंदीर व पिसवा यांची पाहणी करणे हे त्याचे काम आहे.

मोजणीची रीत

पाहणी करणारे पथक गावात आले म्हणजे ते काय करते हे लोकांना ठाऊक नसते व त्यामुळे निष्कारण शंका उत्पन्न होतात. पथक सायंकाळी घरांत व शेतांत पिंजरे लावते. सकाळी पिंजऱ्यातील प्रत्येक उंदीर वेगळ्या कापडी पिशवीत घेऊन त्याला औषधाने बेशुद्ध करतात आणि पांढऱ्या थाळीवर धरून त्याचे केस विंचरतात. थाळीत पडलेल्या पिसवा मोजून त्यांची जात ओळखली जाते. पिसवांची एकूण संख्या भागिले उंदरांची संख्या, असे जे गुणोत्तर येते त्यास पिसू-निर्देशांक म्हणतात. समजा, चाळीस उंदरांवर प्लेग वाहून नेण्यात सर्वांत समर्थ अशा जातीच्या साठ पिसवा मिळाल्या, तर निर्देशांक दीड झाला. या जातीचा निर्देशांक एकाहून अधिक असला म्हणजे त्या ठिकाणी प्लेगचा जंतू आल्यास तो पसरण्यास जागा तयार आहे असे समजतात. रोग आला आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. गवत वाळलेले आहे, एवढेच तो अंक सांगतो.

कुत्र्यांचे रक्त घेण्याची पद्धत लोकांना सर्वांत चमत्कारिक वाटते, आणि खरे पाहता ती सर्वांत हुशारीची आहे. गावचे कुत्रे रानात भटकते, उंदीर मारते, खाते, बिळात नाक खुपसते. प्लेगचा जंतू अंगात गेला तरी कुत्रे बहुधा फारसे आजारी पडत नाही. पण त्याच्या रक्तात त्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार होतात व काही काळ राहतात. शेकडो उंदीर पकडूनही जे सापडत नाही ते चार-दोन कुत्र्यांच्या रक्तात सापडू शकते. मांजराची गोष्ट उलट आहे. मांजर प्लेगने आजारी पडते, त्यालाही गाठ येते, त्याच्या फुप्फुसांत रोग गेला तर त्याच्या खोकण्यातूनही माणसास रोग होऊ शकतो. उंदीर पडत असलेल्या गावी मांजर तापाने मलूल झाले तर ते मुलांच्या मांडीवर राहू देऊ नये.

या सर्व मोजणीत शेतकऱ्याला स्वतः करता येण्याजोगा एक भाग आहे, आणि तो त्याला आधीच येतो. उंदीर निर्मूलनाच्या मोहिमेत सायंकाळी शेतातील सर्व बिळांची तोंडे चिखलाने बंद करतात व दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळे म्हणून मोजतात. विषारी आमिष कोठे घालावे हे ठरविण्यासाठी ही रीत आहे. पण रोगावरील पाळतीसाठीही तिचे मोल मोठे आहे. कझाकस्तानात बाल्खश सरोवराच्या परिसरातील वाळवंटात बिळे करून राहणाऱ्या मोठ्या जर्बिल या प्राण्याची आणि त्याच्यातील प्लेगची मोजणी अनेक दशके नियमाने होत आली. चाळीसेक वर्षांच्या त्या नोंदींचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जर्बिलांच्या बिळांपैकी सुमारे एक तृतीयांशाहून अधिक बिळे वसलेली असली तरच प्लेग त्यांच्यात टिकून राहतो आणि वस्ती ही पातळी ओलांडल्यानंतर सुमारे दोन वर्षांनी रोग प्रकट होतो, असे त्यातून दिसले. कझाकस्तानचा हा आकडा दख्खनच्या रानउंदराला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दरवर्षी त्याच शेतात, त्याच महिन्यात, त्याच रीतीने मोजलेल्या बिळांची वही असेल तरच वाढ झाली की घट, हे सांगता येते. अशी वही बहुतेक गावांत नसते. मोहीम झाली, आमिष संपले की कागद कोठे तरी पडून राहतो.

मेलेला उंदीर आणि आमिषाची तारीख

उंदीर अनेक कारणांनी मरतात. अतिवृष्टीत बिळांत पाणी शिरते. शेतात किंवा घरात विष घातलेले असते. एखादा मेलेला उंदीर दिसताच प्लेगची आवई उठवणे योग्य नाही, आणि दहा उंदीर पडेपर्यंत गप्प राहणेही योग्य नाही. यातून मार्ग काढण्यास आमिषाची तारीख उपयोगी पडते. झिंक फॉस्फाइडचे आमिष, म्हणजे भरडा ९६ भाग, गोडेतेल २ भाग व विष २ भाग, खाल्लेला उंदीर बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मरतो. ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर साधारणतः चार ते दहा दिवसांनी मरतो. गावात कोणी, कोठे, कोणते आमिष, कोणत्या तारखेस घातले याची नोंद कृषी कार्यकर्त्याच्या वहीत असेल तर आरोग्य पथकाचा पहिला प्रश्न जागच्या जागी सुटतो. आमिष घातलेले नाही, पूर आलेला नाही, आणि तरीही दोन-चार दिवसांत निरनिराळ्या घरांत उंदीर पडत आहेत. भर दिवसा उंदीर उघड्यावर येऊन झिंगल्यासारखे फिरतात, माणसाला भीत नाहीत. त्याच सुमारास पायांना पिसवा चावू लागल्या आहेत. असे आढळल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविले पाहिजे. शेळ्यांच्या गोठ्यात पिसवा वाढणे ही वेगळी व नेहमीची गोष्ट आहे, त्या बहुधा निराळ्या जातीच्या असतात. परंतु डोळ्यांनी जात ओळखता येत नाही, म्हणून उंदीर पडत असताना गोठ्यातील पिसवांचीही खबर द्यावी.

मेलेल्या उंदरास हात लावू नये. शेपटीला धरून उकिरड्यावर फेकण्याची सवय सर्वत्र आहे व ती सर्वांत वाईट. मुले, कुत्री व मांजरे यांना दूर ठेवावे. पथक येणार असेल तर जागा सोडून थांबावे. उंदीर उचलावाच लागला तर हातमोजे घालून लांब चिमट्याने तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत टाकावा, तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालावी. तपासणीसाठी न्यावयाचा नसेल तर जाळावा किंवा खोल पुरावा.

शिकार करणारांनाही यात सावध केले पाहिजे. सन २००२ च्या फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशात सिमला जिल्ह्यातील हाटकोटी परिसरात फुप्फुसाचा प्लेग झाला. रोगाने प्रथम गाठलेला तरुण रानात शिकारीस गेला होता व त्याने एका आजारी रानमांजराला मारून त्याचे कातडे सोलले होते. त्याच्यापासून रोग नातलगांत व इतरांत पसरला. एकूण १६ जण आजारी पडले व ४ दगावले. पुढे २००४ साली उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात डांगुड या गावी गाठीच्या प्लेगचे ८ रुग्ण आढळले व ३ मृत्यू झाले. दोन्ही गावे डोंगरात दूरवर होती. रानात मलूल पडलेला, माणसास न भिणारा ससा, मांजर वा कोल्हा सापडला तर ती सोपी शिकार नव्हे.

चाव्यानंतर साधारणतः दोन ते सहा दिवसांत थंडी वाजून जोराचा ताप येतो, डोके व अंग दुखते आणि पिसू पायाला चावली असल्यास जांघेत, हाताला चावली असल्यास काखेत गाठ येते. औषध न मिळाल्यास गाठीच्या प्लेगने शंभरांतील तीस ते साठ रुग्ण मरतात. रोग फुप्फुसांत गेला आणि उपचार झाला नाही तर रुग्ण बहुधा वाचतच नाही, व खोकल्यातून तो इतरांना होतो. परंतु आता या रोगावर औषधे आहेत. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे वेळेवर मिळाली तर रुग्ण बरा होतो. वेळेवर याचा अर्थ येथे तासांत मोजावयाचा आहे. रुग्णाने डॉक्टरांस तापाबरोबरच ‘आमच्या घरी उंदीर पडले’ हे सांगणे आवश्यक आहे; ते डॉक्टर विचारतीलच असे नाही.

आधी पिसू, मग उंदीर

गावात उंदीर पडू लागले की लोकांची पहिली प्रवृत्ती उंदीर मारण्याची होते, आणि कृषी कार्यकर्त्यांजवळ तर त्याची साधने तयारच असतात. नेमका येथेच मोठा अनर्थ होऊ शकतो. एकाच रात्रीत शेकडो उंदीर मारले तर त्यांच्या हजारो पिसवा एकाच रात्रीत बेघर होतात. प्लेगचा संशय असताना म्हणून आमिष घालणे थांबवावे. प्रथम उंदरांच्या वाटा, बिळांची तोंडे, भिंतीच्या कडा व पोत्यांखालची जमीन येथे कीटकनाशक भुकटी टाकावयाची असते. उंदीर त्या भुकटीवरून गेला की ती त्याच्या केसांत व त्याच्याबरोबर बिळात जाते. कोणती भुकटी व किती, हे आरोग्य खाते ठरवते. कारण निरनिराळ्या ठिकाणच्या पिसवा निरनिराळ्या औषधांना दाद देत नाहीत असे आढळले आहे. घरातील वा गोदामातील जुनी पुडी उघडून हे काम करू नये. एके काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीएचसी भुकटीवर देशात १९९७ पासून बंदी आहे, तरी तिची पोती अजून कोठे कोठे निघतात. भुकटी टाकताना धान्य, पाण्याची भांडी व वैरण झाकून ठेवावी.

काही दिवसांनी पथक पुन्हा पिंजरे लावते आणि पिसवा पुन्हा मोजते. निर्देशांक खाली आलेला दिसला म्हणजे आमिष घालण्यास मोकळीक मिळते. त्यानंतरचे काम शेतकऱ्याचे असते. कडब्याची गंजी भिंतीपासून दूर हलवणे, पोती जमिनीवर न ठेवता उंच फळ्यांवर रचणे, जोत्यातील व भिंतीतील भोके दगड-चुन्याने किंवा सिमेंटने बुजवणे, पडीक खोल्यांतील धान्य काढून त्या झाडून घेणे ही कामे रब्बीची ज्वारी खळ्यावर येण्यापूर्वी उरकावी लागतात. कारण त्यानंतर घर धान्याने भरते आणि भिंतीपर्यंत हातही पोहोचत नाही.